क्लीनर साइड

कादंबरी सुतारला अंधारात उभं राहता येत नसे. दिवे गेले की ती असेल तिथे खाली बसायची आणि दिवे येईपर्यंत बसून राहायची. घरात ती आणि तिचे पप्पा अशी दोघंच. कोल्हापुरात उद्यमनगरात आनंदा सुतारांचं ट्रकचं गॅरेज होतं आणि गॅरेजच्या वरच घर. वीज गेली की आनंदा हातातला पाना टाकून आधी जिन्याकडे धावायचे. मग तिच्या पुढ्यात उभं राहून, उलट्या पावलांनी एकेक पायरी उतरत, दोन्ही हात पसरून तिला खाली आणायचे. ट्रक मागे घेताना ड्रायव्हरला हाक देतात, अगदी तशीच हाक देत.

"येऊ दे, येऊ दे... थोडी क्लीनर साइड घे... येऊ दे... बस!"

क्लीनर साइड म्हणजे डावी आणि ड्रायव्हर साइड म्हणजे उजवी. गॅरेजात डावं-उजवं असं कुणी म्हणतच नाही, कारण गाडीच्या समोर उभ्या असलेल्या माणसाचं डावं वेगळं आणि गाडीत बसलेल्याचं वेगळं. त्या घोळात एखाद्याचं बोट जायचं. ट्रक बॅटरीवर आले, क्लीनर नावाचा माणूस तर केव्हाच नाहीसा झाला. पण बाजूचं नाव तेवढं टिकून होतं.

अकरा महिन्यांची असताना कादंबरीला रक्तात जंतुसंसर्ग झाला होता. ज्या इंजेक्शनांनी तिचा जीव वाचला, त्यांनीच तिच्या दोन्ही कानांतल्या तोलाच्या पेशी मारल्या. ऐकू सगळं यायचं. पुढे डॉक्टरांनी आनंदांना चित्र काढून समजावलं. कानाच्या आत तीन वाकड्या नळ्या असतात आणि त्यांत पाणी असतं. डोकं वळलं की पाणी जरा मागे रेंगाळतं आणि नळीतल्या बारीक केसांना वाकवतं. केस वाकले की नस मेंदूला कळवते, आपण वळलो.

"म्हणजे टँकरच की," आनंदा म्हणाले. "अर्धा भरलेला टँकर. ब्रेक मारला की पाणी पुढं धावतंय, आणि ड्रायव्हरला न बघता पाठीत कळतंय. मग आमच्या पोरीचा टँकर रिकामा हाय व्हय?"

"टँकर भरलेला आहे," डॉक्टर म्हणाले. "धक्का कळवणारा माणूस गेलाय."

त्यामुळे कादंबरी डोळ्यांनी चालायची. चालताना तिला दुकानांच्या पाट्या थरथरताना दिसायच्या. सायकल तिला कधी आली नाही, आणि ज्या गावात पोरं मोपेडवरच जन्माला येतात तिथे ही गोष्ट लपत नाही. डिप्लोमा करून ती घरी बसून एका फौंड्रीची ड्रॉइंगं करायची. आणि संध्याकाळी ताशी अडीचशे किलोमीटर वेगानं गाडी हाणायची.

ही गाडी अर्थातच स्क्रीनवरची. तिची सगळी बैठक आनंदांनी भंगारातून उभी केली होती. सीट ट्रकचं, ब्रेकच्या पेडलखाली ट्रकच्या रबरी बुशांची चवड, आणि तीन जुने स्क्रीन, तिन्हींचा रंग वेगळा. डाव्या स्क्रीनमधलं आकाश जांभळट दिसायचं. स्टिअरिंगची मोटर अशक्त, आणि चाक फिरवल्यापासून चित्र हलेपर्यंत सेकंदाचा विसावा भाग जायचा. असल्या सामानावर तिनं देशभरच्या ऑनलाइन लीगमध्ये तीन वर्षं पहिल्या पाचांत नाव राखलं होतं. लोक चकित व्हायचे.

त्यात चमत्कार काही नव्हता. स्क्रीनपुढच्या शर्यतीची खरी अडचण मोटर किंवा स्क्रीन ही नव्हतीच. अडचण अशी की खुर्ची जागची हलत नाही. खऱ्या गाडीत वळणावर मागची चाकं सुटायला लागली की ते आधी ड्रायव्हरच्या बुडाला कळतं, डोळ्यांना नंतर. स्क्रीनपुढे ते फक्त डोळ्यांनाच कळतं, तेही उशिरा. वर डोळे म्हणतात वळलो आणि कान म्हणतात बसलोय की जागच्या जागी. या भांडणात पोटात ढवळायला लागतं. भले भले अर्ध्या तासात बादली मागायचे. कादंबरीच्या कानांना भांडायचं माहीतच नव्हतं. स्क्रीनपुढे बसलेला प्रत्येक जण त्या वेळेपुरता तिच्यासारखा होत होता, आणि तिला त्याची जन्माची सवय होती.

लीगमध्ये दोन-दोन जणांची टीम असे. तिचा जोडीदार प्रणय बारापात्रे, नागपूरचा, चौतीस वर्षांचा. दोघं कधी भेटली नव्हती. कादंबरी कोल्हापुरी वळणानं "मी येतो", "मी करतो" असं बोलायची, म्हणून पहिला महिनाभर त्याला ती मुलगाच वाटली होती. त्यावरून तो अजून चिडवायचा. मात्र आपल्या तोलाबद्दल तिनं त्याला अवाक्षर सांगितलं नव्हतं. तिथे, स्क्रीनवर, ती कधी चाललीच नव्हती. तिथली ती नुसती वेगवान होती, आणि तिला ते फार आवडायचं.

त्या वर्षी लीगनं तोलपट्टी सक्तीची केली.

दोन्ही कानांमागे चिकटवायच्या रुपयाएवढ्या दोन चकत्या आणि वायरीनं जोडलेली एक डबी. गाडी स्क्रीनवर उजवीकडे वळली की डबी कानामागून अगदी बारीक वीज सोडते. ती वीज केसांच्या वाटेला जातच नाही. सरळ नसेला जाऊन कळवते, उजवीकडे वळलो. डोळे आणि कान यांचं भांडण मिटतं, मळमळ थांबते, आणि बुडाला कळायचं ते कानाला कळतं. सगळ्यांना एकसारखं सामान, म्हणजे सगळ्यांना एकसारखी संधी, असं लीगचं म्हणणं. लीगचं तसं पत्र आलं, ते कादंबरीनं दोनदा वाचलं. आपला एकुलता एक फायदा गेला, हे तिला लगेच कळलं.

पट्टीची वायर दीड वीत कमी पडत होती. आनंदांनी ती तोडली, मधे तुकडा जोडून सोल्डरचा डाग दिला. या भानगडीत कंपनीची डावं-उजवं लिहिलेली टिकली कचऱ्यात गेली. त्यांनी टेपवर आपल्या अक्षरात 'ड्रा.' आणि 'क्ली.' असं लिहिलं आणि खाली ट्रक खोळंबला होता म्हणून ते निघून गेले.

कादंबरी शर्यतीच्या सीटवर बसली होती. समोरची गाडी परदेशी, तिचं स्टिअरिंग डाव्या बाजूला. ड्रायव्हर डावीकडे बसलेला तिला दिसतच होता. तिनं 'ड्रा.' डाव्या कानामागे चिकटवली.

पहिल्या वळणावर तिच्या आत काहीतरी कललं. खुर्ची जागेवर, हात चाकावर, आणि तरी ती कलली. तिनं भर ट्रॅकवर गाडी उभी केली.

"अबे काय झालं?" हेडफोनमध्ये प्रणय ओरडला. "मागून सगळे येऊन राहिले!"

"प्रणय, तुला हे रोज होतंय?"

"काय?"

"वळल्यावर वळल्यासारखं."

"सगळ्यांनाच होते ना बे. तू गाडी काढ!"

तिनं गाडी काढली. पुढचा सगळा फेरा ती रडत होती. सव्वीस वर्षं लोक ज्याला वळणं म्हणत होते ते हे, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं. त्या दिवशी ती शेवटून दुसरी आली आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

पंधरा दिवस ती मागेच राहिली. मग हळूहळू तिच्या मेंदूनं कानांमागून येणारी ही नवी बोली उचलली. आत असं झालं की चाक असं फिरवायचं, हे हातांना आपोआप कळू लागलं. दीड महिन्यानं तिनं मोसमातला सगळ्यात वेगवान फेरा मारला. तिची आणि प्रणयची टीम अंतिम शर्यतीला पात्र ठरली.

पण शर्यत संपवून पट्टी काढली की सगळं पुन्हा मुकं व्हायचं, आणि ते आता तिला सोसेना. पूर्वी काय नाही तेच माहीत नव्हतं.

"पप्पा," एक दिवस ती म्हणाली, "हे घालून चालता आलं तर?"

आनंदांनी आठ दिवस घेतले. ट्रक वळणावर उलटू नये म्हणून त्यात झुकाव मोजणारा एक सेन्सर असतो. तो एका भंगार ट्रकमधून काढला आणि तिच्या टोपीला मागून शिवला. सेन्सर आणि पट्टी जोडणारा प्रोग्राम कादंबरीनं लिहिला. अशी पट्टी चालायला वापरण्याचे प्रयोग करणाऱ्या डॉ. रुक्साना मुजावर गावातच होत्या. त्या स्वतः गॅरेजात आल्या. आनंदांनी आपल्या हातानं लेकीला टोपी घातली, आपल्या हातानं चकत्या चिकटवल्या आणि नेहमीसारखे समोर हात पसरून उभे राहिले.

"येऊ दे, येऊ दे..."

चौथ्या पावलावर ती जरा डावीकडे झुकली. कानानं सांगितलं, उजवीकडे पडतेयस. सावरायला तिनं अंग आणखी डावीकडे टाकलं आणि ती वेल्डिंगच्या टेबलावर आदळली. हनुवटीला तीन टाके पडले.

आनंदांनी दोन दिवस नीट जेवण केलं नाही. डाग तपासले, सेन्सर उलटा शिवला का पाहिलं, सगळं उसवून पुन्हा शिवलं. कादंबरी पुन्हा पडली. "माझ्या नशिबात न्हाई ते," ती म्हणाली, आणि टोपी खिळ्याला अडकवून टाकली.

"मला एक सांगा," पुन्हा बघायला आलेल्या डॉ. मुजावर म्हणाल्या, "डाव्या कानाला यातली कुठली लावता?"

"क्लीनर," आनंदा म्हणाले.

"ड्रायव्हर," कादंबरी म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ड्रायव्हर कुठं डावीकडं बसतोय?" आनंदा कडाडले. "गॅरेजवाल्याची पोर तू!"

"माझ्या गाडीत बसतो की! दोन महिने बसतोय!"

"ते परदेशी झालं!"

"मग पट्टीवर तसं लिहायचं!"

डॉ. मुजावरना हसू आवरेना. मग त्यांनी चकत्यांची अदलाबदल केली, 'ड्रा.' डाव्या कानामागे. कादंबरी उठली आणि गॅरेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी थरथरत असली तरी आता त्याचं तिला फारसं काही पडलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे मिटून जिना उतरला. आनंदा खाली हात पसरून उभे होते, पण हाक द्यायचंच विसरले.

"एक लक्षात ठेव," डॉ. मुजावर तिला म्हणाल्या. "तुझा मेंदू सव्वीस वर्षांनी ही भाषा पहिल्यांदा शिकला, आणि उलटी शिकला. तुझ्यापुरती आता तीच सुलटी. हे पुसून परत शिकवायला गेलो तर नवं येईल की आहे तेही जाईल, मला खरंच माहीत नाही. माझ्याकडे तुझ्यासारखं दुसरं कुणी नाही."

त्याच आठवड्यात लीगचं पार्सल आलं. अंतिम शर्यत पुण्यात, एका सभागृहात, सगळ्यांनी समोरासमोर बसून. सामान लीगचं. सुट्या चकत्या बाद. त्याऐवजी डोक्याला बसणारा एकसंध पट्टा. सरावासाठी एक आधी धाडला होता. त्याला डावं-उजवं पक्कं होतं, उलटा बसतच नव्हता. कादंबरीनं लीगला कळवून पाहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं: सामान सगळ्यांना सारखं.

तिनं तो घालून दोन फेरे मारले आणि मोरीकडे धावली. ज्या मळमळीची सगळे आयुष्यभर तक्रार करत होते, ती तिला पहिल्यांदाच झाली.

"होते तसं," प्रणय म्हणाला. "मी दोन वर्षं आल्याच्या वड्या खाऊन चालवली गाडी. दहा दिवस आहेत, रोज सराव कर, बसेल अंगात."

मग तिनं त्याला सगळं सांगितलं. इंजेक्शन, अंधार, जिना, टोपी. दहा दिवस तो पट्टा घातला तर शर्यत कदाचित येईल आणि चालणं कदाचित जाईल, हेही.

"तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "काहून नाही सांगितलं?"

"तुला एकालाच मी पडतो ते माहीत नव्हतं. तसंच राहू दे वाटलं."

"पहिल्या तीन टीम वरच्या लीगमध्ये जातात, कादंबरी. दोन्ही गाड्या पोचल्याशिवाय टीम धरत नाहीत, अन् आता नावही बदलता येत नाही. मी चौतीसचा आहे. हात आताच मंद होऊन राहिले. मला पुढच्या वर्षीचं सांगू नको." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

त्याचं चुकत नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागलं. सरावाचा पट्टा टेबलावर होता. दोनदा तिनं तो उचलला. दोनदा ठेवला. एकीकडे जिना होता आणि दुसरीकडे ती एकच जागा, जिथे ती कुणापेक्षाही कमी नव्हती. शेवटी तिनं डॉ. मुजावरना फोन लावला. पाऊण तासाच्या एका शर्यतीनं काही पुसलं जाणार नाही, त्या म्हणाल्या. दहा दिवस रोज घातला तर मात्र धोका आहे.

"सराव न करता पाऊण तास काढायचा कसा?" तिनं आनंदांना विचारलं. "दोन फेऱ्यांत आतडी बाहेर येतात."

आनंदा हात पुसत तिच्यासमोर बसले. "जिंकायचं हाय का पोचायचं हाय?"

"पोचायचं."

"मग टँकर चालव."

"काय?"

"अर्धा भरलेला टँकर. ब्रेक लांबनं, हळू. चाक फिरवायचं ते पाण्याला पत्ता लागू न देता. झटकाच न्हाई दिला तर ती पट्टी उलटं सांगंल तरी किती सांगंल? तू लई वेगात चालवतीस, म्हणून ती लई बोलतीया."

कादंबरी त्यांच्याकडे बघत राहिली. इतकी साधी गोष्ट आपल्याला सुचली नाही याचा तिला राग आला, आणि ती का सुचली नाही हेही कळलं. तिनं आयुष्यात कधी हळू चालवली नव्हती.

पुण्याचं सभागृह दुपारीसुद्धा मिट्ट काळोखात होतं. उजेड फक्त स्क्रीनचा. प्रणय वरच्या दारात उभा होता, टक्कल पडू लागलेला, आवाजापेक्षा बारीक. टोपी घातलेली एक मुलगी कठड्याला हात न लावता अंधारातल्या वीस पायऱ्या त्याच्या डोळ्यांदेखत उतरून गेली. तो मागोमाग खाली आला.

"मी पोचतो," ती टोपी काढता काढता त्याला म्हणाली. "तू पुढं बघ."

त्यानं खिशातून आल्याच्या वड्यांची पुडी काढून तिच्या हातात ठेवली.

बावीस गाड्या, तीस फेरे. सुरुवातीलाच सगळे तिला मागे टाकून गेले. ज्यांना तिनं वर्षभर धूळ चारली होती, तेही गेले. तिनं लांबून ब्रेक लावला, पाण्याला कळू न देता चाक फिरवलं, वळणावरून गाडी सावकाश काढली. कानांमागे पट्टा उलटंच सांगत होता, पण कुजबुजत. दहाव्या फेऱ्याला घाम आला. विसाव्याला तिनं चौथी वडी तोंडात टाकली. आता घाईनं गाड्या घालणारे एकमेकांना घासून बाद होऊ लागले होते. सव्विसाव्या फेऱ्याला पुढची गाडी वळणावर चुकली आणि आतली बाजू दार उघडावं तशी मोकळी झाली. जरा जोर लावला असता तर ती पुढे होती. तिचे हात तिकडे जाऊ लागले. कानांमागची कुजबुज वाढली. तिनं हात आवरले आणि त्या गाडीला परत पुढे जाऊ दिलं. इतकं कठीण काम तिनं स्टिअरिंगवर कधी केलं नव्हतं.

ती पंधरावी आली, म्हणजे पोचलेल्यांत शेवटची. प्रणय चौथा आला. अकरांपैकी पाचच टीमच्या दोन्ही गाड्या पोचल्या होत्या, आणि त्या पाचांत त्यांची तिसरी. प्रणयनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग तिच्याजवळ येऊन म्हणाला, "पुढच्या वर्षी मी पहिला येतो अन् तू शेवटची ये. चालते आपल्याला."

"पुढच्या वर्षी मी त्यांच्याकडनं उलटा पट्टा काढून घेतो," ती म्हणाली. "भांडून."

तिनं टोपी चढवली, 'ड्रा.' डाव्या कानामागे आहे ना ते चाचपलं आणि पप्पांना शोधायला निघाली. आनंदा मधल्या पायऱ्यांवर थांबले होते. लेकीला न्यायला म्हणून खाली यायला निघाले होते खरे, पण त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि स्क्रीनचे दिवे एकेक करून विझत होते. एक पाय पुढे करून ते पायरी चाचपत होते आणि पायरी सापडत नव्हती. आधीच्या कुठल्याही दिवशी ती अशा जागी खाली बसली असती.

ती त्यांच्या पुढ्यात गेली. तोंड त्यांच्याकडे, पाठ काळोखाकडे. दोन्ही हात पसरून ती उलट्या पावलांनी एक पायरी उतरली.

"येऊ द्या, पप्पा, येऊ द्या... थोडी क्लीनर साइड घ्या..."

आनंदा थबकले. "कुठली क्लीनर साइड?" ते म्हणाले. "तुझी का माझी?"

"तुमची," ती म्हणाली. "येऊ द्या."